हॉलतिकीट अडते, तेव्हा चळवळ कुठे असते?

दिवाळी सरली की विद्यापीठ गेटच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांवर झुंबड उडते. सत्र संपत आलेले असते. कुणाच्या जर्नलवर सरांची सही राहिलेली असते, कुणाला ग्रंथालयाचे पुस्तक परत करून ना-देय दाखला घ्यायचा असतो, कुणाचा मागच्या सत्रातला विषय डोक्यावर बसलेला असतो. सुखवस्तू घरातल्या मुलाला ही वीस दिवसांची कटकट वाटते. आमच्या मुलांचे मात्र याच वीस दिवसांत ठरते, की शिकायचे की गावाकडे परत जायचे.

आमच्या गल्लीत बीड जिल्ह्यातला एक विद्यार्थी खोली करून राहतो. बी. एस्सी.चे तिसरे वर्ष. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून पत्र्याच्या खोलीत चौघे मिळून राहतात. आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि विद्यापीठाच्या परीक्षाही तेव्हाच येतात, त्यामुळे ऐन पेपरांच्या दिवसांत घराला कुलूप! हा मुलगा संध्याकाळी मंगल कार्यालयात वाढप्याचे काम करतो आणि रात्री बाराच्या पुढे पुस्तक उघडतो.

गेल्या हिवाळ्यात पहिला पेपर चार दिवसांवर असताना त्याला कॉलेजच्या खिडकीवर सांगण्यात आले, 'फी बाकी आहे, हॉलतिकीट मिळणार नाही.' शिष्यवृत्तीचा अर्ज त्याने वेळेत भरला होता, तो मंजूरही झाला होता. फक्त पैसे आले नव्हते. पोराने खोलीवर येऊन पिशवी भरली. आईला फोनही केला नाही. 'ती फडात कोयता चालवतेय, तिला काय सांगू?' असे तो आम्हाला नंतर म्हणाला.

पिशवी भरताना शेजारच्या काकांनी पाहिले. काका एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, रोज विहारात येणारे. त्यांनी अर्जाची प्रत, मंजुरीचा कागद आणि जातीचा दाखला एका फाईलीत लावला आणि दुसऱ्या दिवशी पोराबरोबर त्याच खिडकीशी जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. 'मुलगा शिष्यवृत्तीस पात्र आहे, पैसे शासनाकडून यायचे आहेत, तरी हॉलतिकीट देत नाही, हे कागदावर लिहून द्या,' एवढेच म्हणाले. लिहून कोण देणार? संध्याकाळी हॉलतिकीट मिळाले. मोर्चा नाही, उपोषण नाही. एक जाणता माणूस पोराच्या बाजूला उभा राहिला, म्हणून एक वर्ष वाचले. पण ज्यांच्या शेजारी असे काका नाहीत, त्यांचे काय?

शिष्यवृत्ती म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. शिष्यवृत्तीचा पैसा संपला की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन. आज या शिष्यवृत्तीचा साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. दोन्ही सरकारांचा हिशेब जुळेपर्यंत परीक्षेचे वेळापत्रक थांबते काय? ते थांबत नाही. थांबतो तो आमचा विद्यार्थी.

सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण आम्हाला आज आपल्या माणसांनाही काही विचारायचे आहे.

हिवाळी परीक्षा साधारणपणे ६ डिसेंबरच्या आगेमागे येतात आणि उन्हाळी परीक्षा १४ एप्रिलच्या. म्हणजे आपल्या दोन मोठ्या दिवसांना आपला विद्यार्थी पुस्तकात डोके घालून बसलेला असतो. चैत्यभूमीला जावे की पेपर लिहावा, असा पेच त्याच्यापुढे पडतो. आणि त्याच्या खिडकीखाली जयंतीचा डी.जे. रात्री उशिरापर्यंत दणदणत असतो! अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगलाच आहे. पण एका दिवशी अठरा तास दिवे लावायचे आणि परीक्षेच्या महिन्यात विहाराला रात्री आठला कुलूप घालायचे, याला काय म्हणावे?

आम्ही फार मागत नाही. परीक्षेचे तीन आठवडे विहाराचे सभागृह रात्रभर वाचनासाठी उघडे ठेवा. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा परीक्षा फी आणि खानावळीच्या बिलासाठी बाजूला काढा. शिष्यवृत्ती आली की मुले तो परत करतील आणि पुढच्याच्या कामी येईल. वस्तीतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात बसून मुलांचे अर्ज तपासावेत आणि गरज पडली तर खिडकीपर्यंत बरोबर जावे. याला पक्ष लागत नाही, गट लागत नाही, व्यासपीठ लागत नाही.

त्या मुलाने पेपर दिले. हॉलतिकीट त्याने आम्हाला दाखवले. वर बाबासाहेबांचे नाव छापलेले होते. १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत या नावासाठी माणसांनी घरेदारे जळताना पाहिली, जीव दिले. ते नाव कमानीवर आले, कागदावर आले. आता तो कागद ज्याच्या हातात पडायला हवा, त्याच्या हातात तो वेळेवर पडतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे. पुढची परीक्षा फार दूर नाही. आपल्या गल्लीत कोण पिशवी भरतो आहे, तेवढे तरी आजच पाहून या.