चेहरा धुतलास का?



गेल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमासाठी आपल्या वर्गाचे नाटुकले बसत होते. आमच्या मुलीला त्यात चांगले मोठे काम मिळाले होते. दोन तालमी झाल्या आणि तिसऱ्या तालमीच्या सकाळी ती म्हणाली, "मी येणार नाही." कारण विचारले तर गप्प. शेवटी रडत रडत तिने स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवले. नाकावर काळे ठिपके, कपाळभर बारीक पुटकुळ्या आणि गालावर दोन लाल मुरुम. त्यावर आम्ही दोघांनी तोच प्रश्न विचारला, जो आमच्या लहानपणी आम्हालाही विचारला गेला होता : "अगं, चेहरा नीट धुतेस का?"

ती दिवसातून पाच वेळा धूत होती.

आम्ही डॉक्टर नाही, संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारी माणसे आहोत. पण त्या दिवसापासून जे वाचले, जाणकारांना जे विचारले आणि मुख्य म्हणजे जिथे आम्ही चुकलो, ते सर्व इथे मांडत आहोत. आपल्या वर्गात दहा ते सोळा वयाची बरीच मुले आहेत. आज ना उद्या हा विषय प्रत्येक घरात निघणार.

रंध्र म्हणजे काय?

मुलांनो, आधी आपला तळहात बघा आणि मग आरशात नाक बघा. तळहातावर घामाची छिद्रे असतात, पण ती इतकी बारीक की दिसत नाहीत. तिथे केस नाहीत आणि तेलाच्या ग्रंथीही नाहीत. नाकावर मात्र सुईने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात. त्यांना रंध्रे म्हणतात.

प्रत्येक रंध्र हे एका बारीक नळीचे तोंड असते. नळीत एक केस असतो, बहुधा डोळ्यांना न दिसणारा. नळीच्या बाजूला तेल तयार करणारी छोटी ग्रंथी असते. या तेलाला सीबम म्हणतात. ते नळीतून वर येते, त्वचेवर पसरते आणि तिला मऊ ठेवते. नळीच्या आतल्या भिंतीवरच्या जुन्या पेशी सारख्या गळत असतात. तेल वर येताना त्यांनाही बाहेर घेऊन येते. पाणी वाहते असले की मोरी तुंबत नाही, तसेच हे आहे.

वयात येताना शरीरातील काही संप्रेरके वाढतात. मुलांमध्ये वाढतात आणि मुलींमध्येही वाढतात. त्यामुळे तेलाच्या ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त येऊ लागते. त्याच सुमारास नळीतल्या पेशी सुट्या सुट्या न गळता एकमेकींना चिकटू लागतात. तेल आणि पेशींचा गोळा होऊन बूच बसते. बुचावर त्वचेचे झाकण असेल तर पांढरी पुटकुळी दिसते. तोंड उघडे असेल तर बुचाला हवा लागते आणि ते काळे पडते.

इथे जरा थांबा, कारण आमची पहिली चूक इथेच झाली. तो काळा रंग मळाचा नाही. आपल्या त्वचेला रंग देणारे मेलॅनिन त्या बुचात असते, आणि हवेशी संयोग होऊन ते गडद दिसते. म्हणजे काळे ठिपके असणारे मूल अस्वच्छ नसते. बूच बसते ते नळीच्या आत, जिथे साबण पोहोचत नाही. तिथे नेहमीच राहणारे जंतू अडकलेल्या तेलावर वाढले आणि शरीराने त्यांच्याशी झगडा सुरू केला की सूज येते. तोच लाल मुरुम.

आणखी एक गोष्ट. नाकावर सारख्या अंतरावर दिसणारे करडे ठिपके बहुतेक वेळा बुचे नसतातच. तेल वाहून नेणाऱ्या नळीतला तो रोजचा ऐवज असतो. तो दाबून काढला तरी महिन्याभरात पुन्हा भरतो, कारण भरणे हेच त्या नळीचे काम आहे.

रंध्रे उघडत नाहीत, मिटत नाहीत

वाफ घेतली की रंध्रे उघडतात आणि गार पाण्याने मिटतात, असे आपण सगळेच ऐकत आलो. पण रंध्राच्या तोंडाशी उघडझाप करणारा स्नायूच नसतो. वाफेने तेल थोडे मऊ होते, इतकेच. रंध्र किती मोठे दिसणार हे आईवडिलांकडून आलेल्या ठेवणीवर, तेल किती येते त्यावर आणि पुढे वय व ऊन यांवर ठरते. बूच निघाले की रंध्र लहान दिसते, पण नाहीसे होत नाही. फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करून दाखवणारी सोय असते. तसा चेहरा पृथ्वीवर कोणाचाच नाही.

घासण्याने काय होते?

आजीला फोन केला. तिने प्रेमाने सांगितले, "डाळीच्या पिठात लिंबू पीळ आणि चांगले चोळ. वर जायफळ उगाळून लाव." दिवाळीतले उटणे, साय-हळद हा आपल्या घराचा सुगंध आहे, त्याची आम्ही थट्टा करत नाही. पण मुरुमांवर ते चोळले की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे पिठाच्या कणांनी सुजलेली त्वचा सोलवटते. दुसरी म्हणजे लिंबाचा रस फार आम्ल असतो. आम्लता मोजण्याच्या मापावर, म्हणजे पीएचवर, त्वचा साधारण ५ च्या आसपास असते, लिंबू २ च्या जवळ आणि अंगाचा साबण ९-१०. सकाळी लिंबू आणि संध्याकाळी साबण म्हणजे बिचाऱ्या त्वचेची दोन्हीकडून ओढाताण. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात.

सरेचे नळाचे पाणीही आमच्या चुकीत सामील होते. इथे मेट्रो व्हँकुव्हरच्या डोंगरातील जलाशयांचे, पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी येते. ते अतिशय हलके आहे. आम्ही बोअरच्या जड पाण्यावर वाढलो, जिथे साबणाला फेस येत नाही. म्हणून आम्ही भरपूर साबण घ्यायचो आणि तेच मुलीला शिकवले. हलक्या पाण्यात धुतल्यावर त्वचा जरा बुळबुळीत लागते. आम्हाला वाटे साबण गेलाच नाही, धू पुन्हा. वर हिवाळाभर घरातल्या हीटिंगची कोरडी हवा. तिचा चेहरा वरून कोरडा, ताणलेला आणि आतून तुंबलेला झाला.

ट्यूबची गोष्ट

याच सुमारास भारतातून आलेल्या नातेवाइकांनी एक ट्यूब दिली. "तिकडे सगळे हीच वापरतात." लावली. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ! मुलगी नाटुकल्यात उभी राहिली, टाळ्या मिळाल्या आणि आम्ही त्या ट्यूबला मनोमन हात जोडले. दिवाळीच्या सुमारास ट्यूब संपली. चार दिवसांत गाल लाल झाले, आग होऊ लागली आणि पूर्वीच्या दुप्पट पुटकुळ्या आल्या. रिकामी ट्यूब घेऊन आम्ही फार्मसिस्टकडे गेलो. त्यांनी पाठीवरची बारीक अक्षरे वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवले : बीटामेथासोन. हे स्टेरॉइड आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसब किंवा काही पुरळांवर डॉक्टर ते देतात, आणि ते योग्यच असते. ते सूज झटपट दाबते. पण बूच तसेच राहते. चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावले तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, स्टेरॉइडमुळेच नवे मुरुम येतात आणि थांबवले की सगळे उफाळून येते.

हे फक्त आमच्या घरी घडलेले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातल्या १२ त्वचारोग केंद्रांमध्ये चेहऱ्याच्या तक्रारी असलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. कोणी गोरे होण्यासाठी, कोणी मुरुमांसाठी. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ साली भारत सरकारने अशी १४ प्रकारची स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी घरोघरच्या कपाटांत आणि बॅगांत ती आहेत. आज आपली बॅग उघडून बघा. घटकांच्या यादीत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ती ट्यूब मुरुमांसाठी नाही. कोणी बरेच दिवस लावत असेल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

मग करायचे काय?

१. दिवसातून दोनदा, आणि खेळून घाम आला तर आणखी एकदा, सौम्य फेसवॉश आणि कोमट पाण्याने बोटांनीच धुवा. घासणी, ब्रश, पीठ नको. नंतर टॉवेलने टिपा, पुसू नका.

२. चेहरा तेलकट असला तरी हलके मॉइश्चरायझर लावा. डब्यावर 'ऑइल-फ्री' किंवा 'नॉन-कॉमेडोजेनिक' असे लिहिलेले घ्या. ती खात्री नव्हे, पण सुरुवात बरी होते.

३. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिड, ०.५ ते २ टक्के. ते तेलात विरघळते म्हणून नळीत शिरू शकते. लाल मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, २.५ ते ५ टक्के. हे कपड्यांचा रंग उडवते. आमच्या निळ्या टॉवेलवर आता पांढरे ढग आहेत. पहिल्या दिवसांत एक दिवसाआड लावा.

४. एवढ्याने भागले नाही तर अ‍ॅडापॅलीनसारखी औषधे आहेत. ती अ जीवनसत्त्वाच्या कुळातली असून बूच तयार होण्याची क्रियाच सुधारतात. कॅनडात त्यांना चिठ्ठी लागते. गरोदरपणात ती वापरू नयेत, म्हणून आईने मुलीची ट्यूब उसनी घेऊ नये. १ जून २०२३ पासून ब्रिटिश कोलंबियात फार्मसिस्टही सौम्य मुरुमांसाठी तपासून औषध लिहून देऊ शकतात, त्यासाठी डॉक्टरांच्या भेटीची वाट पाहावी लागत नाही.

५. दाबू नका, फोडू नका. आपल्या सावळ्या त्वचेत मुरुम बरा झाल्यावरही त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. ऊन लागले की तो गडद होतो, म्हणून एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावा. सरेत ढग असले तरीही.

६. शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल थापून झोपणाऱ्यांनी कपाळ बघावे. तेल ओघळते तिथे पुटकुळ्या येतात. तेल लावा, पण धुण्याआधी तास-दोन तास, आणि केस मागे बांधून. हॉकीच्या हेल्मेटचा पट्टाही हनुवटीवर असेच करतो. तो पुसत जा.

७. औषध घेताना खोक्यावर डीआयएन किंवा एनपीएन हा आठ आकडी क्रमांक शोधा. हेल्थ कॅनडाने परवानगी दिलेल्या औषधावर तो असतो.

आणि आमच्या धंद्यातला एक नियम. प्रोग्रॅम बिघडला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुधारला ते कळत नाही. चेहऱ्याचेही तसेच. एक औषध सुरू करा, कॅलेंडरवर तारीख लिहा आणि ८ ते १२ आठवडे थांबा. आज दिसणारे बूच कित्येक आठवड्यांपूर्वी आत तयार व्हायला लागलेले असते, त्यामुळे त्याआधी निकाल लागत नाही. आठ दिवसांत चमत्कार करणाऱ्या ट्यूबचा संशय यायला हवा होता तो याच हिशेबाने.

पालकांसाठी

मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे पडणे, मुलींमध्ये मुरुमांबरोबर पाळीची अनियमितता, किंवा मूल आरसा, फोटो, मित्र टाळू लागणे, यांपैकी काही दिसले तर फॅमिली डॉक्टरांकडे जा. त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला इथे त्यांचीच चिठ्ठी लागते. आणि पाहुण्यांसमोर मुलांच्या चेहऱ्यावर बोलू नका. "वड्यांमुळे झाले", "चॉकलेट बंद कर", "आधी किती गोरी होती" ही वाक्ये मुले विसरत नाहीत.

आमच्या घरी ट्यूबचे परिणाम ओसरायला पाडवा उजाडला. एका संध्याकाळी आम्ही मुलीला सांगितले की तो धुण्याचा प्रश्न चुकीचा होता, आणि ट्यूबही आम्हीच दिली होती. ती म्हणाली, "माहीत आहे." एवढेच.

यंदाच्या नाटुकल्यासाठी तिने स्वतःहून नाव दिले आहे. नाकावर ठिपके आहेत, ते असणारच. आम्ही काही विचारलेले नाही.

या लेखातील शब्द (मोठ्याने वाचा)

रंध्र – त्वचेवरचे बारीक छिद्र
ग्रंथी – शरीरात तेल, घाम यांसारखे द्रव तयार करणारा भाग
संप्रेरक – वाढ, वय यांचे निरोप रक्तातून पोहोचवणारा पदार्थ
तुंबणे – अडकून वाहणे थांबणे
उगाळणे – सहाणेवर पाण्याने घासून लेप काढणे
सोलवटणे – वरची साल निघून हुळहुळणे