रक्तातला भिश्ती

मी मराठीत कविता लिहितो. शिक्षण बी.ए. विज्ञानाशी माझी गाठ दहावीच्या परीक्षेनंतर सुटली ती सुटलीच. तेव्हा हा माणूस रक्तपेशींवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं तर ते रास्तच आहे. पण नागपुरात राहणाऱ्याला हा विषय फार काळ टाळता येत नाही. कुणाच्या ना कुणाच्या घरात तो भेटतोच.

मला तो भेटला उत्तर नागपुरात, एका कविमित्राच्या घरी. वीसेक वर्षं झाली. मित्राचा मुलगा तेव्हा सातवीत होता. मार्चची दुपार. शाळेत उशिरा पोचला म्हणून त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ‘सर, पाय दुखतात’ म्हणाला, तर ते निमित्त ठरलं. रात्री मी गेलो तेव्हा पोरगा पाय पोटाशी घेऊन तळमळत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, ‘अरे, धावल्यावर पाय दुखायचेच. सकाळी बरं वाटेल.’ सकाळी त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. रक्त तपासलं आणि घरच्यांना पहिल्यांदाच कळलं, की मुलाला सिकलसेल आहे.

माझं ते वाक्य मला अजून टोचतं. ते का चुकलं, हे मी डॉक्टर मंडळींना विचारत गेलो. त्यातून जे उमगलं, तेच आज सांगतो आहे.

माझे आजोबा भिश्त्याच्या गोष्टी सांगत. पाठीवर पाण्यानं भरलेली मशक आणि दारोदार फेरी. आपल्या रक्तातली लाल पेशी अशीच एक भिश्ती आहे, फक्त तिच्या मशकेत पाण्याऐवजी प्राणवायू असतो. गंमत म्हणजे हा प्राणवायू ती स्वतःसाठी वापरत नाही. इतर पेशींत प्राणवायूवर चालणाऱ्या ज्या भट्ट्या असतात, त्या तिच्यात नसतातच. केंद्रकही नसतं. ती जगते साखरेवर. रक्तातली साखर प्राणवायूविना फोडायची आणि त्यातून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर भागवायचं. एवढ्याशा मिळकतीत तिला आतल्या क्षारांचा तोल राखायचा असतो आणि अंग लवचिक ठेवायचं असतं. कारण तिच्याहून अरुंद केशवाहिन्यांतून तिला अंग चोरून जावं लागतं. असा संसार ती सुमारे १२० दिवस करते.

आता आपण धावलो किंवा ताप आला, तर काय होतं? स्नायू तापतात, त्यांच्यात आम्ल वाढतं. आम्ल आणि उष्णता वाढली, की हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड सैल होते आणि जिथं गरज आहे तिथं तो पटकन उतरवला जातो. आजार लांबला, रक्त कमी झालं किंवा माणूस उंच डोंगरावर राहायला गेला, तर पेशी आणखी एक युक्ती करते. साखर फोडतानाच ती डीपीजी नावाचं एक रसायन जास्त बनवू लागते. त्यानं ही पकड आणखी ढिली होते. निरोगी माणसाला ही सारी व्यवस्था तारून नेते.

सिकलसेलच्या रुग्णात मात्र हीच व्यवस्था उलटते. त्याच्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत, सहाव्या जागी, एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. बदल एवढाच. पण प्राणवायू उतरवला, की हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून काड्यांसारखे ताठ होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणजे प्राणवायू जितका सहज सुटेल, तितका धोका जास्त. या रुग्णांच्या पेशींत डीपीजी मुळातच वाढलेलं असतं. त्यात धावपळीचं आम्ल आणि तापाची उष्णता यांची भर पडते. शरीरातलं पाणी कमी झालं, तर पेशीही सुकते, आतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि काड्या फार लवकर बनतात. वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढचं रक्त थांबतं आणि हाडांत असह्य कळा येतात. १२० दिवस जगणारी पेशी इथं दहा-वीस दिवसांत संपते.

त्या दुपारी उन्हात धावणाऱ्या, तहानलेल्या पोराच्या पायांत हे चाललं होतं. आणि मी त्याला धीर धरायला सांगत होतो!

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या या पेशींची नोंद केली. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. याच शहरात रुग्णांसाठी झटणाऱ्या संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाली आणि तिनं २०४७ हे साल डोळ्यांपुढे ठेवलं. विदर्भात हा आजार आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत अधिक आढळतो. पण तो कोणत्याही एका समाजाचा नाही. यात लाजण्यासारखंही काही नाही.

आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक माणूस एरवी धडधाकट दिसतो, म्हणून तपासणीशिवाय काही कळत नाही. पत्रिका पाहणाऱ्यांनी पत्रिका जरूर पाहावी, पण रक्ताचा अहवालही मागावा.

आणि घरात रुग्ण असेल तर नवतपाच्या उन्हात पाणी हे औषधच समजा. थंडीत ऊब द्या. निर्जळी उपवास किंवा रोजा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत आहेच. ताप आला तर वाट पाहू नका. या रुग्णांची प्लीहा बहुधा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे साधा वाटणारा संसर्गही जिवावर बेततो. हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं नियमित घेतलं तर कळांचे झटके कमी होतात.

तो मुलगा आता नोकरी करतो. परवा भेटला तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. दोन जिने चढून आला, पहिल्या मजल्यावर थांबला आणि म्हणाला, ‘काका, जरा बसतो.’ या वेळी मी शहाणपण शिकवलं नाही. त्याच्याशेजारी पायरीवर बसलो.