गावरान कळपात जातिवंत कोंबडी आणताना

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत, तसेच कंधार, देगलूर, औसा, उदगीर यांसारख्या गावांच्या जुन्या मोहल्ल्यांत आजही अनेक घरांच्या दाराशी पाच-दहा कोंबड्या दिसतात. या कोंबड्यांची निगा बहुधा घरातील स्त्रियाच राखतात. अंडी विकून आलेल्या पैशांतून मुलांची वह्या-पुस्तके, औषधपाणी असा किरकोळ खर्च भागतो. शरीअतप्रमाणे स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क असल्याने, हा जोडधंदा वाढला तर त्याचा लाभ थेट तिच्या हाती पडतो. म्हणूनच 'गावरान कोंबड्यांत चार जातिवंत कोंबड्या आणून सोडल्या तर कसे?' या प्रश्नाचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

जातिवंत म्हणजे काय?

आमच्या भागाला हा शब्द नवा नाही. कंधारचा लाल कंधारी बैल आणि देवणीचा देवणी वळू रंगावरून व ठेवणीवरून ओळखणारी माणसे येथे गावोगाव आहेत. कोंबड्यांचेही तसेच आहे. जी जात आपले गुण पिढ्यान्‌पिढ्या पिल्लांत उतरविते ती जातिवंत. 'असील' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी अस्सल, खानदानी असा आहे. या जातीचे माहेर आंध्र प्रदेश. नूरी, पीला, याकूब, कागर ही तिच्या रंगांवरून पडलेली नावे आहेत. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआची काळ्या मांसाची जात असून २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प आणि पांढरी लेगहॉर्न या विदेशी जाती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारात 'सुधारित' म्हणून मिळणाऱ्या गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया या कोंबड्या चांगल्या आहेत, पण त्या संकरित आहेत. गिरीराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, तर वनराज व ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्ले आईसारखी निघत नाहीत, अंड्यांचे प्रमाण घटत जाते व दर वेळी नवी पिल्ले विकत आणावी लागतात. ज्यांना घरच्या घरी वंश राखायचा आहे त्यांनी शुद्ध जातीकडे वळावे.

हिशेब आधी मांडा

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते. असील त्याहूनही कमी देते. तिची किंमत आहे ती मांसाला आणि काटकपणाला. कडकनाथची अंडी ८० ते १०० च्या आसपास जातात. ऱ्होड आयलंड रेड चांगल्या व्यवस्थेत २०० अंडी देऊ शकते, पण अंगणात १५० धरणेच शहाणपणाचे. तिचे अंडे तपकिरी असल्याने गिऱ्हाईक नाक मुरडत नाही. लेगहॉर्न अंड्यांना सर्वांत सरस, पण तिचे अंडे पांढरे असते व ती खुडूक होत नाही.

समजा, दहा गावरान कोंबड्या आहेत. वर्षाची अंडी ६००. त्यांतील पाच काढून पाच ऱ्होड आयलंड रेड आणल्या तर ३०० अधिक ७५० मिळून १०५० अंडी होतील, म्हणजे ४५० अंडी जास्त. परंतु या कोंबड्या उकिरडा उकरून भागवीत नाहीत. प्रत्येकीला रोज किमान ५० ग्रॅम वरचे खाद्य धरले तर पाच कोंबड्यांना वर्षाला सुमारे ९० किलो लागते. म्हणजे एक किलो खाद्यामागे पाच अंडी जास्त मिळाली. आपल्या गावात एक किलो खाद्याचा भाव काय आणि पाच अंड्यांचा भाव काय, हे ताडून पाहावे आणि मगच पाऊल टाकावे.

सगळ्या गावरान कोंबड्या मात्र मोडू नयेत. अंड्यांवर बसून पिल्ले काढण्याचे व घारीपासून ती राखण्याचे काम गावरान कोंबडीइतके कोणी करीत नाही. जातिवंत कोंबडीची १२ ते १५ अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवली की २१ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत.

आमच्या घरची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही एका आठवडी बाजारातून दोन देखण्या तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांसोबत खुराड्यात कोंडल्या. चौथ्या दिवशी त्यांतील एक पेंगू लागली, हिरवट पातळ हगवण झाली, मान वाकडी झाली. पंधरा दिवसांच्या आत घरच्या अकरा कोंबड्यांपैकी नऊ गेल्या. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, होती. पुढे कळले की विकणाऱ्याच्या घरी आधीच मर लागली होती आणि उरलेला माल त्याने बाजारात आणला होता. दोष त्याचा होताच, पण आमचाही होता. तलंगा वेगळ्या ठेवल्या असत्या तर नऊ कोंबड्या वाचल्या असत्या.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा. नवे पाखरू आणले की तीस दिवस वेगळ्या खुराड्यात, घरच्या कोंबड्यांपासून शक्य तितके दूर ठेवायचे. दाणापाणी आधी जुन्यांना, नंतर नव्यांना. भांडी वेगळी, हात-पाय धुऊनच परत फिरायचे. शिंका, घशाची खुरखुर, डोळ्यांतून पाणी दिसले तर मिसळायचे नाही, कारण काही कोंबड्या बऱ्या दिसूनही रोग बाळगून असतात.

लसीकरण याच काळात उरकावे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, दुसऱ्या आठवड्यानंतर गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्यात देवीची व आठव्यात राणीखेतची आर-टू-बी लस, असा सर्वसाधारण क्रम असतो. नवी लस टोचताना जुन्या कोंबड्याही सुटू नयेत. लस बर्फातूनच न्यावी. उन्हात तापलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचणे. याबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. उदगीर व परभणी येथे तर पशुवैद्यकीय महाविद्यालयेच आहेत.

मिसळताना

महिना निर्विघ्न गेल्यावर आठवडाभर दोन्ही कळप जाळीच्या आडोशाने शेजारी ठेवावेत. एकमेकांना पाहण्याची सवय झाली की रात्री, काळोखात, नव्या कोंबड्या जुन्यांच्या दांडीवर बसवाव्यात. एकटी कोंबडी कधीच सोडू नये, तीन-चार मिळून सोडाव्यात. चोचा मारामारी दोन-चार दिवस होतेच, कारण कोंबड्यांतही मोठी-धाकटी ठरत असते. रक्त निघाले तर जखमी पाखरू वेगळे काढावे. दाणे व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. तीन-चार महिन्यांखालील पिल्ले मोठ्यांत सोडू नयेत.

वंश शुद्ध ठेवायचा तर कोंबडा त्याच जातीचा हवा. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. गावरान कोंबड्यापासून वेगळे केल्यानंतर तीन आठवडे त्या कोंबडीची अंडी उबवायला घेऊ नयेत, कारण जुन्या कोंबड्याचा अंश तिच्या पोटात तितके दिवस राहू शकतो. कोंबडा दोन वर्षांत बदलावा, नाहीतर लेकींशीच जोड लागून वंश खुरटतो.

खाद्य आणि ऊन

लातूरच्या बाजारात सोयाबीन भरपूर. म्हणून कोणी कच्चे सोयाबीन कोंबड्यांपुढे टाकतात. ते पचत नाही व वाढ खुंटते. भाजलेले सोयाबीन किंवा पेंड द्यावी. ज्वारी, कणी, भाजीचा पाला व शिंपल्याचा चुरा जोडीला असावा. बुरशी लागलेला मका अजिबात घालू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर चढतो. जड जाती उन्हाने पटकन दगावतात. खुराड्यावर ओले बारदान, सावलीत मातीच्या परळात दिवसातून तीनदा ताजे पाणी, एवढे तरी हवेच.

सचोटीचा व्यवहार

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे ८०० च्या आसपास कोंबड्या मेल्या व कारण बर्ड फ्लू निघाले. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळे याच रोगाने मेले. अचानक मर लागली तर ताबडतोब दवाखान्याला कळवावे. मेलेली पाखरे नाल्यात टाकू नयेत, आणि आजारी पाखरे बाजारात तर मुळीच नेऊ नयेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, आतून ओल लागली, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला ओला माल वर का ठेवला नाहीस, असे विचारून फसवणुकीबद्दल कडक शब्दांत समज दिली होती. रोगट कोंबडी निरोगी म्हणून विकणे हीही तशीच फसवणूक आहे. त्या पैशात बरकत नाही, आणि त्यातून दुसऱ्या घरची चूल विझते.

घेणाऱ्यांनीही लोभाला आवर घालावा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील कडकनाथ प्रकरणात, पिल्ले घ्या आणि अंडी-कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, या आश्वासनावर अनेक शेतकऱ्यांनी आयुष्याची पुंजी गमावली. ज्या मालाला गावात गिऱ्हाईक नाही, तो कोणाच्या कागदी हमीवर पाळू नये. असील पाळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कोंबड्यांची झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि मुक्या जीवांना झुंजविणे व त्यावर पैज लावणे इस्लामनेही निषिद्ध ठरविले आहे.

सारांश, सुरुवात चार कोंबड्यांनी करावी, ओळखीच्या व लस टोचणाऱ्या माणसाकडूनच पाखरे घ्यावीत, महिनाभर धीर धरावा आणि वर्षभर अंड्यांचा व खाद्याचा हिशेब वहीत लिहावा. वही नफा दाखवील तेव्हाच कळप वाढवावा. हलाल रोजीचा हा मार्ग लहान आहे, पण घरच्या भगिनींना तो स्वतःच्या पायावर उभे करू शकतो.