पेटीची साथ आणि संगणकाची वही

बडोद्यातील ज्या मराठी घरांत दोन पिढ्यांपूर्वी केवळ पेटी होती, तेथे आता तिच्या शेजारी नातवंडांचा सिंथेसायझर किंवा गिटारही दिसते. आजोबांना चाल पाठ असते. नातवाला ती कागदावर हवी असते. नुसती चालही त्याला पुरत नाही. सुरावटीच्या माथ्यावर सी, एफ, जी अशी कॉर्डची नावे असावीत, म्हणजे साथ कशी धरायची ते कळेल, असे त्याचे म्हणणे. मंडळाच्या गणेशोत्सवासाठी जुन्या पेटीवादकांनी बांधलेल्या कितीतरी चाली अशा केवळ पाठांतरावर उभ्या आहेत. त्यांचे जाणकार एकेक करून कमी होत आहेत आणि मुले-नातवंडे दूरच्या शहरांत पांगली आहेत. म्हणून अनेक घरांतून संगणकावर या चाली उतरविण्याचा खटाटोप चालू आहे, आणि तो बहुधा कॉर्डपाशी येऊन अडतो. त्या अडचणींविषयी येथे थोडे सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटते.

स्वर लिहून ठेवण्याची विद्या या शहराला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये येथे गायनशाळा काढली आणि स्वरलिपीतून शिकविण्याचा पाठ घातला. पुढे पंडित भातखंडे आणि पंडित पलुसकर यांच्या लिपी घरोघर पोहोचल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तार स्वरावर टिंब या भातखंडे लिपीतील खुणा आमच्या अनेक वाचकांच्या हाडीमासी खिळल्या असतील. परंतु या लिपी एकेरी सुरावटीसाठी घडल्या. एकाच क्षणी तीन-चार स्वर मिळून वाजणारी कॉर्ड त्यांत मांडू गेल्यास ओढाताण होते. त्यासाठी पाच रेघांची पाश्चात्त्य पद्धतीच सोयीची, आणि ती संगणकावर लिहिण्यासाठी पुष्कळ लोक म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर वापरतात. वेर्नर श्वेअर यांनी 2002 मध्ये त्याला आरंभ केला. पहिली पूर्ण आवृत्ती 2011 मध्ये आणि चौथी डिसेंबर 2022 मध्ये आली. ते विनामूल्य मिळते, ही घरगुती वापराच्या दृष्टीने मोठीच सोय.

घोळाचे मूळ एका शब्दात आहे. कॉर्ड म्हणजे रेघांवर एकावर एक रचलेले स्वर, आणि कॉर्ड म्हणजे त्यांचे वर लिहिलेले नाव, असे दोन्ही अर्थ आपण एकाच शब्दाने सांगतो. म्यूझस्कोरच्या लेखी या दोन सर्वस्वी निराळ्या वस्तू आहेत आणि त्या लिहिण्याच्या वाटाही निराळ्या आहेत.

आधी स्वरांची गोष्ट. ‘एन’ची कळ दाबली की लेखन सुरू होते, 5 हा आकडा दाबला की एका मात्रेचा स्वर निवडला जातो आणि मग सी, ई, जी अशी अक्षरे दाबावीत. येथे नवशिक्याची सी मेजर कॉर्ड न उमटता सी, ई, जी हे तीन स्वर तीन मात्रांवर ओळीने उमटतात. उपाय साधा आहे. पहिला स्वर नुसत्या अक्षराने लिहावा आणि पुढचे दोन ‘शिफ्ट’ दाबून, म्हणजे ते पहिल्याच्या डोक्यावर बसतात. संगणकाला सिंथेसायझर जोडला असेल तर तिन्ही पट्ट्या एकदम धरून ठेवाव्यात. एक सोडून दुसरी दाबली की संगणक पुढच्या मात्रेवर जातो. पेटीवर बोटे सरकवीत वाजविण्याची सवय असलेल्यांना हे प्रथम जाचते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. एका कॉर्डमधील सर्व स्वरांचे कालमान एकच असते. खालचा षड्ज चार मात्रा लांबवायचा आणि वरचे स्वर मात्रेमात्रेला बदलायचे, ही तर पेटीवाल्याची नित्याची साथ. पण ती एका कॉर्डमध्ये मावत नाही. त्यासाठी दुसरा ‘व्हॉइस’ घ्यावा लागतो. कंट्रोल, ऑल्ट आणि 2 या कळा एकत्र दाबल्या की त्याच पाच रेघांवर दुसऱ्या वाजविणाऱ्यासाठी जणू स्वतंत्र जागा मिळते. तेथे लिहिलेल्या स्वरांच्या दांड्या खाली वळतात, त्यामुळे कोणता स्वर कोणाचा ते डोळ्यांना कळते.

आता नावांकडे वळू, कारण खरी रात्र येथेच जागावी लागते. स्वर निवडून कंट्रोल आणि के दाबावे व नाव टंकावे, ही ठरलेली वाट. परंतु संगणकावर सामान्य मजकूर लिहिण्यासाठी कंट्रोल आणि टी ही वाटही आहे, आणि पुष्कळ जण त्या वाटेने जातात. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. मात्र एका ठिकाणी संगणकाला कॉर्ड समजलेली असते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याने काही अक्षरे केवळ छापलेली असतात. काहींनी तर कॉर्डची नावे गीताच्या शब्दांच्या ओळीत भरलेली असतात. छापील पानावर हे खपून जाते. कटकट पुढे सुरू होते.

योग्य वाटेने लिहूनही नाव ओळखले जात नाही असे घडते. आपल्याकडे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे कळफलक मराठीवर राहिलेला असतो! देवनागरीतील ‘सी’ हे अक्षर या यंत्राला कॉर्ड म्हणून कळत नाही. ते रोमन लिपीतच हवे. फ्लॅटसाठी रोमन ‘बी’ हेच लहान अक्षर आणि शार्पसाठी दोन उभ्या-दोन आडव्या रेघांची खूण टंकावी. सुंदर दिसणारी चिन्हे संगणक आपण होऊन काढतो. मायनरसाठी लहान ‘एम’ लिहावा. मोठा ‘एम’ लिहिला तर अर्थ उलटून मेजर होतो. नुसता 7 आणि ‘मेज’ लिहून त्यापुढे 7 यांतही असाच फरक आहे: सी-सेव्हनमध्ये कोमल निषाद येतो, सी-मेजर-सेव्हनमध्ये शुद्ध. रागाशी परिचय असलेल्यास हा फरक क्षुल्लक आहे असे कोण सांगेल?

बाहेरून आलेल्या फायलीत कधी स्वरांची नावेच परकी असतात. जर्मन पद्धतीत आपल्या ओळखीच्या बी या स्वराला एच म्हणतात आणि नुसता बी म्हणजे बी-फ्लॅट. म्यूझस्कोरच्या ‘स्टाइल’मध्ये कॉर्डचिन्हांच्या पानावर ही पद्धत बदलता येते. तेथेच दो, रे, मी या नावांचीही सोय आहे. गोव्यातील वाचकांना ती जवळची वाटेल, कारण तेथील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेजोचे शिक्षण दिले गेले. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाचे लेखन करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे गोमंतकीयच. मात्र ‘दो’ म्हणजे आपला ‘सा’ असे समजू नये. या पद्धतीतील दो पांढरी एकवर कायमचा बसलेला आहे. आपला सा गायकाच्या गळ्याप्रमाणे हिंडतो.

लांबविलेल्या स्वराच्या मध्येच कॉर्ड बदलायची असेल तर काय करावे, असाही प्रश्न येतो. नाव लिहिल्यावर स्पेस दाबून पुढे सरकण्याऐवजी अर्धविरामाची कळ दाबावी. ती मात्रेमात्रेने पुढे नेते. आठवडाभर रिकाम्या जागा घालून चिन्हे सरकवीत बसण्यापेक्षा ही एक कळ बरी.

आवृत्ती 3.5 पासून, म्हणजे 2020 पासून, कॉर्डची नावे वाजतातही. रेघांवर पूर्ण साथ लिहिली असेल आणि वर नावेही असतील, तर दोन्ही एकदम वाजून गलका होतो. मिक्सरमध्ये कॉर्डचिन्हांचा पट्टा वेगळा असतो; तो मुका करावा. परंतु त्याआधी एकदा ऐकून घ्यावे असा आमचा आग्रह आहे, कारण कान जे पकडतो ते डोळा पकडीत नाही. समजा, भीमपलासातील भजन आहे आणि षड्ज पांढरी एकवर आहे. कोणीतरी गिटारच्या सवयीने प्रत्येक सम सी मेजरने बांधली. त्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आहे, आणि रागाचा गंधार कोमल. संगणक निर्विकारपणे दोन्ही एकत्र वाजवितो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. येथे सी मायनर लिहिता येईल. पण आमच्या मते सी आणि 5 लिहून केवळ षड्ज-पंचम धरावा हे अधिक चांगले. जुने पेटीवाले हेच करीत. हा दोष मात्र सॉफ्टवेअरचा नव्हे आणि कोणत्याही कळेने तो दुरुस्त होत नाही.

सर्व लिहून झाल्यावर खरे-खोटे निवडण्याची एक उत्तम कसोटी आहे. गाण्याची पट्टी बदलून पाहावी. पुरुष गायकाने पांढरी एकमध्ये बसविलेले गाणे भगिनी मंडळाला काळी चारमध्ये हवे आहे असे धरू. ‘टूल्स’मधील ‘ट्रान्स्पोज’ उघडून कॉर्डचिन्हेही बदलण्याच्या चौकटीत खूण आहे ना ते पाहावे आणि ए-फ्लॅट निवडावा. काळी चारला जी-शार्पही म्हणतात, पण जी-शार्प मेजर लिहू गेल्यास आठ शार्प होतात, एफवर दोनदा. ए-फ्लॅटला चार फ्लॅट पुरतात. आता सी असलेल्या जागी ए-फ्लॅट, एफच्या जागी डी-फ्लॅट, जीच्या जागी ई-फ्लॅट आणि ए-मायनरच्या जागी एफ-मायनर दिसले पाहिजे. ज्या जागी जुनेच नाव निगरगट्टपणे उभे असेल, तेथे साधा मजकूर किंवा न ओळखलेले नाव आहे असे समजावे. ते पुसून कंट्रोल आणि के दाबून पुन्हा लिहावे. वीस-पंचवीस ओळींच्या गाण्यातील लपलेल्या चुका पाच मिनिटांत उघड्या पडतात. नंतर केलेला बदल मागे घेऊन मूळ पट्टी परत आणता येते.

ही खटपट छपाईसाठी लागत नाही, हे खरे. पण परगावच्या नातवाकडे दुसरेच सॉफ्टवेअर असते. त्याच्यासाठी फाइल म्यूझिक-एक्स-एम-एल या सामायिक स्वरूपात पाठवावी लागते. हे स्वरूप मायकल गुड यांच्या रेकॉर्डेअर कंपनीने तयार केले आणि त्याची पहिली आवृत्ती 2004 मध्ये निघाली. त्यात कॉर्डचिन्हांसाठी ‘हार्मनी’ नावाचा स्वतंत्र कप्पा आहे. नीट लिहिलेली नावे त्या कप्प्यातून जातात आणि पलीकडे कॉर्ड म्हणूनच उतरतात. मजकूर म्हणून लिहिलेली नावे नुसते शब्द म्हणून पोहोचतात. फाइल पाठविताना तिच्यासोबत पीडीएफ प्रतही जोडावी, म्हणजे पलीकडच्या पडद्यावर काही हलले असेल तर मूळ पान ताडून पाहता येईल.