फुकटच्या खेळावरची जुडी

खेळ फुकट आहे असे सांगून पोराला मैदानात उतरवायचे आणि तो रमला की पावलापावलाला पैसे मागायचे, असा धंदा आज मोबाईलवर राजरोस चालू आहे. हा पुण्या-मुंबईच्या श्रीमंत पोरांचा प्रश्न आहे, असे म्हणून आपल्या माणसांनी हात झटकू नयेत. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे, तुळजापूर तालुक्यातले जळकोट घ्या किंवा आजूबाजूचे कोणतेही गाव घ्या. शेतमजुराच्या आणि ऊसतोड कामगाराच्या घरातही स्मार्टफोन पोहोचला आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली, तेव्हा कित्येक आईबापांनी उसनवारी करून तो घेतला. पुढे शाळा वर्गात परत गेली. मोबाईल मात्र पोराच्याच हातात राहिला.

त्या मोबाईलवर काय चालते? पबजीवर सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने आणला. जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. 'फ्री फायर' फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, पण त्याचा जोडभाऊ 'फ्री फायर मॅक्स' चालूच राहिला. हे खेळ उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते नंतर. बंदुकीला रंग हवा, अंगावर बरा पोशाख हवा, हंगामाचा पास हवा, तर आधी खऱ्या रुपयांनी कंपनीचे नाणे घ्या. एका खेळात त्याला 'यूसी' म्हणतात, दुसऱ्यात 'डायमंड'. वस्तूवर रुपयाची किंमत नसतेच. नाण्यांची पाकिटेही अशा मापाची, की खरेदीनंतर थोडी नाणी उरावीत आणि ती वापरण्यासाठी पुन्हा पाकीट घ्यावे लागावे. जुना सावकार निदान वहीत रुपये तरी लिहीत होता!

कोणी म्हणेल, घेऊ नये. सक्ती कोणाची आहे? सक्ती सोबत्यांची असते. चौघांच्या तुकडीत तिघांच्या अंगावर विकतचा पोशाख आणि एकाच्या अंगावर फुकटचा, की त्या एकाला हिणवले जाते. 'फोर्टनाइट' या जगप्रसिद्ध खेळात तर 'डिफॉल्ट' हा शब्दच शिवी झाला. अंगावरच्या कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जातीची पायरी पैशाने बदलत नाही आणि इथली पायरी पैशाने विकत मिळते, हा फरक आहे. म्हणून दोन्ही दुःखे एका मापाने मोजू नयेत. पण कमीपणाची बोच विकून नफा कमावण्याचा हा व्यापार ओळखायला आपल्याइतका अनुभव कोणाकडे आहे?

मुलांच्या संरक्षणासाठी म्हणून क्राफ्टनने २०२१ मध्ये एक नियम जाहीर केला. अठरा वर्षांखालील खेळाडूला दिवसाला जास्तीत जास्त ७,००० रुपये खर्च करता येतील! त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे मजुराची अठ्ठावीस दिवसांची कमाई पोराने एका दिवसात उडवली, तरी तो नियमातच बसतो. संरक्षण कोणाचे, मुलाचे की तिजोरीचे?

या वाढीव वसुलीवर खुद्द खेळाडूही चिडलेले आहेत. परदेशात यंत्र विकत, खेळ विकत, इंटरनेटचे पैसे वेगळे. तरीही मित्राबरोबर ऑनलाईन खेळायचे तर वर्गणी भरा, ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सने २००२ मध्ये सुरू केली. सोनीने २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ पासून आणि निन्टेन्डोने २०१८ मध्ये तीच वाट धरली. २०१७ साली 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळात पैसे मोजूनही पुन्हा नशिबाच्या पेट्या विकायला काढल्या, तेव्हा जगभरचे खेळाडू एकवटले आणि कंपनीला ती विक्री थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्स कंपनीने अमेरिकेत ५२ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्यातले २४.५ कोटी, फसव्या बटणांमुळे पैसे गेलेल्या ग्राहकांना परत करण्यासाठी होते.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने बंद केले, हे चांगलेच झाले. परंतु त्याचा रोख जुगारावर आहे. पोशाख, पास आणि नाण्यांची ही वसुली त्यामुळे थांबत नाही. तरी आपण निहत्ते नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाने केलेला करार रद्दबातल असतो. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तेरा प्रकारच्या फसव्या रचनांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणे आणि किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणे हे त्यातलेच प्रकार. पोराने न विचारता पैसे खर्च केले तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागा; दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती आजच चालू करा. पोराला मारझोड करून यातले काहीच साधत नाही.

सर्व्हर चालवायला खर्च येतो, हे मान्य. त्याची एक उघड किंमत रुपयांत, आधीच सांगा, घेणारा घेईल. आमचा विरोध किमतीला नाही, लपवलेल्या वसुलीला आहे. वस्तूवर रुपयांत किंमत, अल्पवयीनांना नशिबाच्या पेट्यांची विक्री बंद आणि मराठीतून तक्रारीची सोय, एवढ्या तीन मागण्या तरी चळवळीने लावून धरल्या पाहिजेत.

आधीच राबवून घेतलेल्या महार वतनदारांवर सरकारने वाढीव जुडी लादली, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावच्या परिषदेत बाबासाहेबांनी तिला जाहीर विरोध केला. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले होते. ही वसुली कशाची, हा प्रश्न विचारायला त्यांनी आपल्याला शिकवले. आज वसूल करणारा चावडीवर बसत नाही, तो पोराच्या खिशात बसतो. म्हणून जयंती मंडळांनी डीजेच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढून, विहारात एका संध्याकाळी आईबाप आणि पोरे यांना एकत्र बसवावे आणि मोबाईलमधला हा हिशोब उघडून दाखवावा. हिशोब कळलेला माणूस सहजासहजी लुटला जात नाही.