सोळाशेचं ग्राउंड

हिवरखेड हे तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं मोठं गाव. भोवताली पऱ्हाटी, तूर आणि काळी माती. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की अकोट-तेल्हाऱ्याच्या या पट्ट्यात पहाटेच पोट्टे रस्त्यावर दिसू लागतात. पुढे शिट्टी गळ्यात अडकवलेला एक माणूस असतो. कुठे तो निवृत्त जवान, कुठे शाळेतला पीटीचा शिक्षक, तर कुठे दोन-तीन मार्कांनी स्वतःची भरती हुकलेला आणि वय निघून गेलेला गडी. तो लावतो ते ग्राउंड म्हणजे वऱ्हाडातली एक संस्थाच म्हणायची, फक्त तिला पाटी नाही आणि पावतीपुस्तकही नाही.

परीक्षा सरळ आहे. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. निम्मे गुण पडले नाहीत तर लेखीचा विचारच सोडायचा. सोळाशेला 20 गुण, आणि ते सगळे हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड, म्हणजे एका राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. नवा पोरगा पहिला राउंड सत्तरीत मारतो, तिसऱ्यात पोट धरतो आणि चौथ्यात चालायला लागतो. कोचचं खरं काम इथे सुरू होतं. स्टॉपवॉच हातात धरून तो कडेला उभा असतो आणि प्रत्येक राउंडला सेकंद ओरडून सांगतो. जोरात पळणाऱ्याला तो मागे खेचतो, रेंगाळणाऱ्याला त्याच्या पाठीला लावतो. “एकटा नको पयू रे पोट्ट्या, बाकीच्यायले घेऊन चाल!” अशी हाक ऐकू आली की समजावं, कोच पक्का आहे. घोळक्यात पळणाऱ्याचा वेग आपोआप सांभाळला जातो, आणि उद्या पहाटे उठायचा कंटाळा आला तरी दारात हाका मारायला कोणीतरी असतं.

काळ्या मातीचं मात्र अवघड आहे. पावसाळ्यात चिखल बुटाला किलोभर चिकटतो, उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो. मग डांबरी रस्ता उरतो. मोटारसायकलच्या मीटरवर अंतर मोजायचं, चुन्याची रेघ मारायची आणि कापसाचे ट्रक चुकवत पळायचं.

मुलींचं येणं ही या घोळक्याची सगळ्यात मोठी कमाई, असं मला वाटतं. अंधारात एकट्या मुलीला रस्त्यावर कोणता बाप पाठवील? पण पाच-सहा जणी सोबत आहेत आणि सर स्वतः उभे आहेत म्हटल्यावर घरचे जरा नरम होतात. त्यासाठी कोचला घरोघरी जाऊन चहा पीत बसावं लागतं, आणि ते कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

वऱ्हाडात अशा एकत्र व्यायामाची मुळं जुनी आहेत. अमरावतीला 1914 साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. मंडळाचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आलं. तरी मला त्याहून मोलाचं वाटतं ते मंडळात शिकून गावोगावच्या शाळांत गेलेल्या व्यायामशिक्षकांचं काम. गटाने पळण्याचा फायदा वरच्या पातळीवरही होतो. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य मिळवलं, ते नाशिकला प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या गटात सराव करून. संजीवनी जाधव आणि मोनिका आथरे या धावपटूही त्याच तालमीतल्या.

सगळेच काही भरती होत नाहीत. जागा थोड्या, पोरं हजारो. खुल्या गटाला 28 वर्षांची मर्यादा, राखीव गटांना 33. म्हणून ‘भरतीची हमी’ देणाऱ्या फलकांवर माझा विश्वास नाही. हमी देणारा कोच पळणं शिकवत नाही, फॉर्म विकतो. जो भरती हुकलेल्यालाही दुसऱ्या दिवशी “ये, नव्यायले राउंड शिकव” म्हणतो, त्याच्याकडे पोरं पाठवावीत.

अशा गावांना स्टेडियम नको आहे. मुरूम टाकलेलं, पाण्याचा निचरा असलेलं, नीट मोजलेलं 400 मीटरचं एक मैदान आणि दोन दिवे पुरेत. तेवढं गावाने करावं. आणि खाकी अंगावर चढलेल्यांनी सुट्टीत गावी आल्यावर एक सकाळ ग्राउंडला द्यावी, येताना बुटांचा एखादा जोड घेऊन यावा. अनवाणी पळणारं पोरगं तिथे हमखास भेटेल.