नऊ पायांचा खेकडा
बाजार ऑनलाइन : भाग ७

चीनमध्ये शरद ऋतू सुरू झाला की गोड्या पाण्यातल्या केसाळ पंज्यांच्या खेकड्यांचा हंगाम येतो. पाय बांधलेले जिवंत खेकडे खोक्यात भरून कुरिअरने घरोघरी जातात. २०२५च्या नोव्हेंबरात डोयिन या ॲपवर, म्हणजे टिकटॉकच्या चिनी अवतारावर, खेकडे विकणाऱ्या एका बाईंकडे तक्रार आली. बहुतेक खेकडे मेलेले निघाले, दोन पळून गेले. सोबत फोटो आणि व्हिडिओ. व्हिडिओत कुणाचं तरी बोट त्या मेलेल्या खेकड्यांना ढोसून बघतही होतं.

बाईंच्या घरात तीसहून अधिक वर्षं खेकड्यांचीच शेती. मेलेल्या खेकड्याचे पाय असे आभाळाकडे होत नाहीत, हे त्यांना लगेच खटकलं. मग त्यांनी नर-माद्या मोजल्या. खेकडा उताणा असला की ते अवघड नसतं : पोटावरची झडप नराची अरुंद, मादीची रुंद नि गोलसर. पहिल्या व्हिडिओत दोन नर आणि चार माद्या होत्या, दुसऱ्यात तीन नर आणि तीन माद्या. मेल्यानंतर एका मादीचा नर झाला म्हणायचा! शिवाय एका खेकड्याला आठाऐवजी नऊ पाय. पोलिसांनी व्हिडिओ बनावट ठरवले आणि गिऱ्हाइकाला आठ दिवस कोठडीत ठेवलं.

वर्सोव्याला चिंबोऱ्या विकणाऱ्या कोळणीनेही ही लबाडी पकडली असती. पण कपबश्या विकणाऱ्याने काय मोजायचं? चीनमधल्याच एका तक्रारीत चिनीमातीच्या मगाचा फोटो होता. त्याचे तडे पुठ्ठ्याच्या फाटलेल्या थरांसारखे सुटलेले, म्हणून संशय आला. चित्र थोडं बरं जमलं असतं तर पैसे गेलेच होते.

त्याच नोव्हेंबरात भारतात अंड्यांच्या ट्रेची गोष्ट समाजमाध्यमांवर फिरली. ट्रेमधलं एकच अंडं फुटलेलं; गिऱ्हाइकाने तो फोटो एआयला देऊन आणखी तडे मागितले आणि काही क्षणांत वीसेक अंडी फुटली. कंपनीने सगळे पैसे परत केले, असा त्या पोस्टचा दावा होता. गूगलचं ‘नॅनो बनाना’ हे चित्रं बदलणारं साधन ऑगस्ट २०२५मध्ये आलं, त्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

सगळं खापर एआयवर फोडणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. ब्रिटनमध्ये आलियान्झ या विमा कंपनीने २०२१-२२ ते २०२२-२३ या काळात फोटो-कागदपत्रांत साधे फेरफार करून केलेले दावे ३०० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं होतं. म्हणजे नॅनो बनानाच्या कितीतरी आधी. एआयने फक्त मेहनत वाचवली. दार आधीपासून उघडंच होतं, आणि ते कंपन्यांनी हिशोब करून उघडं ठेवलं होतं.

हिशोब सोपा आहे. दीडशे रुपयांचा मग परत आणायचा तर कुरिअर, तपासणी, पुन्हा पॅकिंग, गोदाम. खर्च मालाच्या वर जातो. फुटलेली अंडी तर परत आणून करायचं काय? त्यापेक्षा फोटो घ्या, पैसे द्या, गिऱ्हाईक खूश ठेवा. चीनमध्ये पिनदुओदुओने २०२१मध्ये ‘माल ठेवा, पैसेही घ्या’ ही पद्धत आणली आणि स्पर्धेत मागे पडायला नको म्हणून इतरांनीही ती उचलली. ॲमेझॉनने ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेतल्या विक्रेत्यांना ७५ डॉलरखालच्या मालासाठी अशी सोय दिली. तिथे निदान ती घ्यायची की नाही हे विक्रेत्यावर सोडलं. चीनमध्ये निर्णय कंपनीचा आणि पैसे विक्रेत्याचे, हे बराच काळ चाललं. विक्रेत्यांची ओरड आणि सरकारचा दबाव वाढल्यावर एप्रिल २०२५मध्ये बड्या कंपन्यांनी ही पद्धत गुंडाळायचं ठरवलं. खेकडे, फळं, काचसामान यांचा प्रश्न मात्र उरलाच, कारण तिथे वस्तू परत मागवण्यात अर्थ नसतो. तिथे फोटोलाच वस्तूची किंमत आलेली असते.

मग खोटा फोटो यंत्रानेच ओळखावा, असं कुणीही म्हणेल. गूगल आपल्या एआय चित्रांत ‘सिंथआयडी’ ही डोळ्यांना न दिसणारी खूण घालतं, पण ती मुख्यतः गूगलच्याच साधनांपुरती. फोटो कुठे काढला, कशाने बदलला याची नोंद फोटोसोबत ठेवणारं सी-टू-पी-ए नावाचं मानक २०२१पासून घडतं आहे. स्क्रीनशॉट काढला किंवा व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की ती नोंद सहसा गळून पडते. एआय ओळखणारी ॲप्स तर खऱ्या फोटोलाही खोटा म्हणतात, आणि ज्याचा मग खरोखरच फुटला त्याने दाद कुठे मागायची?

लबाडी एकाच बाजूने होते असंही नाही. २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या एका एअरबीएनबी घरमालकाने लंडनच्या पाहुणीवर १२,००० पौंडांहून अधिक नुकसानीचा दावा लावला. टेबलाचा तडा दोन फोटोंत वेगवेगळा दिसतो, हे तिनेच दाखवून दिलं. शेवटी एअरबीएनबीने माफी मागून तिचे पैसे परत केले.

आपल्याकडचे विक्रेते सध्या कॅमेऱ्यालाच कॅमेऱ्याने उत्तर देतात. पार्सलवरचा लेबल क्रमांक दिसेल असा पॅकिंगचा व्हिडिओ, परत आलेलं खोकं उघडतानाचा दुसरा व्हिडिओ. संशय आला तर लगेच व्हिडिओ कॉल, नाहीतर तीच वस्तू दुसऱ्या बाजूने दाखवायची विनंती. काही कंपन्या महागडा माल दारातच उघडून दाखवतात. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामापासून फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावला. परक्या आंब्याला देवगडचं नाव मिळू नये, हा त्यामागचा हेतू. पण सडक्या आंब्याच्या फोटोत तो क्रमांक मागितला, तर निदान फळ आपलंच आहे का, हे तरी बागायतदाराला कळेल.

कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दीडशे रुपयांच्या मगासाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार, हा भाग वेगळा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. एकट्या फोटोवर विश्वास ठेवा, असं मात्र ते नियम सांगत नाहीत. तो कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी घेतलेला निर्णय आहे. त्यात वाचणारा कुरिअरचा खर्च त्यांचा असेल, तर फसव्या दाव्याचा भुर्दंडही त्यांनीच सोसला पाहिजे.

वाचकांनी एवढं करावं : फुटणारी वस्तू मागवली असेल तर लेबल दिसू देत, न थांबता व्हिडिओ काढत पार्सल उघडावं. खरी तक्रार नाकारली गेली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.